‘गेट’ पुन्हा पुन्हा अडकतं: तपासायचं कुठे, सोडवायचं कसं

तक्रार दर बॅचला येते आणि शब्दही जवळपास तेच असतात. "सर, बाकी सगळं कळतं. पण समोरचा ‘गेट’ म्हणाला की आमची गाडी तिथंच बंद पडते."

मी नाशिकला संध्याकाळी इंग्रजी बोलण्याचा वर्ग घेतो. येणारे बहुतेक मराठी माध्यमातून शिकलेले आणि आता नोकरी करणारे. सातपूर-अंबडकडचे सुपरवायझर, एखादी नर्स, बँकेतल्या एक-दोन ताई, परदेशी जायच्या तयारीतली चार पोरं. यातल्या काहींचं व्याकरण माझ्यापेक्षा पक्कं असतं. पॅसिव्ह व्हॉइस झोपेत करून दाखवतील. आणि एक एवढंसं तीन अक्षरी क्रियापद त्यांना घाम फोडतं.

त्यांना हसायचा मला हक्क नाही. माझी पहिली नोकरी पुण्यात होती आणि पहिल्याच महिन्यात लंडनच्या क्लायंटबरोबर फोनवर बसायची वेळ आली. तो एका पंपाच्या ड्रॉइंगमधला बदल समजावून सांगत होता. सांगून झाल्यावर त्यानं विचारलं, "डिड यू गेट इट?" मी घाईघाईनं मेलबॉक्स उघडून पाहिला आणि म्हणालो, "नो सर, नॉट येट." त्यानं बिचाऱ्यानं सगळं पहिल्यापासून सांगितलं, जरा सावकाश. "गेट इट नाऊ?" मी पुन्हा मेल पाहिली. "स्टिल नॉट, सर." तिसऱ्यांदा तो लहान मुलाला सांगावं तसं सांगायला लागला, तेव्हा शेजारी बसलेल्या साहेबांनी टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. मेल आलीच नव्हती, कारण कुणी पाठवलीच नव्हती. तो विचारत होता, "कळलं का?"

तर हा बिघाड तुमच्याकडेही होत असेल, तर पुढचं वाचा. (‘गेट’ म्हणजे सोसायटीचं गेट नव्हे आणि इंजिनिअरांची गेट परीक्षाही नव्हे, हे एकदा सांगून ठेवतो. पहिल्या दिवशी कुणीतरी हा विनोद करतंच.)

बिघाड ओळखायचा कसा

ऐकताना बिघाड असेल तर डोक्यात ‘गेट म्हणजे मिळणे’ हे एकच फळकूट असतं आणि ते प्रत्येक वाक्याला ठोकून पाहिलं जातं. ‘आय डोन्ट गेट यू’ म्हणजे ‘मला तू मिळत नाहीस’? ऑफिसात सिनेमाचा डायलॉग कुठून आला? ‘कॅन यू गेट द डोअर?’ म्हणजे दार कुठून आणू? हॉटेलात जेवण झाल्यावर परदेशी पाहुणा म्हणतो, ‘आयल गेट धिस’, आणि आपण ताट उचलायला निघालेल्या त्याला थांबवावं की काय, या विचारात पडतो. तो म्हणत असतो, बिल मी देतो.

बोलताना बिघाड वेगळा. तिथं माणूस ‘गेट’ला वळसाच घालतो. ‘रिसीव्ह’, ‘ऑब्टेन’, ‘बिकम’, ‘रीच’ हे चार खांदेकरी घेऊन सगळी भाषा वाहून नेतो. चूक नसते, पण बोलणं तहसील कार्यालयाच्या पत्रासारखं वाटतं. आमच्या वर्गातल्या एकानं सर्दी झाली हे सांगताना ‘आय हॅव ऑब्टेन्ड अ कोल्ड’ म्हटलं होतं, जणू खिडकीवर अर्ज देऊन मंजूर करून आणली.

तिसरा प्रकार सगळ्यांत फसवा, कारण तो बोलणाऱ्याला जाणवतच नाही. त्याकडे नंतर येतो.

जो उपाय सगळे करतात आणि जो चालत नाही

शब्दकोश उघडून अर्थांची यादी करणं. एक विद्यार्थी वही घेऊन आला होता. त्यात ‘गेट’चे त्रेचाळीस अर्थ, प्रत्येकाला क्रमांक, लाल शाईनं अधोरेखित. पाठही होते. मी विचारलं, "गेट वेल सून म्हणजे काय?" तो डोळे मिटून मनातल्या मनात पानं उलटायला लागला.

ज्यांना याद्यांचा भरवसा वाटतो त्यांच्यासाठी सांगतो. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी शब्दकोशाची दुसरी आवृत्ती १९८९ मध्ये २० खंडांत आली, तेव्हा त्यातली सगळ्यांत लांब नोंद ‘सेट’ची होती. नव्या आवृत्तीचं काम सुरू झाल्यावर २०११ च्या सुमाराला ‘रन’नं तिला मागं टाकलं. नुसत्या क्रियापदाचे ६४५ अर्थ. ‘गेट’ याच घराण्यातलं. सेट, रन, पुट, टेक, मेक, गेट ही सगळी आखूड, रोजच्या वापरातली, हजार वर्षं घासून गुळगुळीत झालेली क्रियापदं. इंग्रज माणूसही ६४५ अर्थ पाठ करत नाही. मग त्याचं कसं चालतं?

तुमचं ‘लागणे’चं जसं चालतं तसं.

आधी ‘लागणे’ घ्या

पहिल्या तासाला मी फळ्यावर फक्त ‘लागला / लागली / लागलं’ लिहितो आणि म्हणतो, वाक्यं सांगा. पाच मिनिटांत फळा भरतो. भूक लागली. ठेच लागली. निकाल लागला. डोळा लागला. ठसका लागला. दादाला नोकरी लागली. शेजारच्या काकांना लॉटरी लागली. कुकरला खालून लागलं. भाजी तिखट लागली. फोन लागला. तो माझा मावसभाऊ लागतो. यायला दोन तास लागले. ती रडायला लागली. मला जावं लागेल. बाबांना क्रिकेटचं वेड लागलं. शोध लागला, वाट लागली, दृष्ट लागली, तुळशीपाशी दिवा लागला. कुणीतरी हमखास ओरडतं, "सर, गाडी लागली!"

तिथं मी थांबवतो. गाडी लागली म्हणजे? अर्धे म्हणतात, फलाटाला लागली. अर्धे म्हणतात, घाटात उलटी झाली. बरोबर दोन्ही. ‘पंचवटी फलाटाला लागली’ आणि ‘बंडूला गाडी लागली’ यांत ‘लागली’मध्ये काडीचा फरक नाही. प्रत्ययही तोच, ‘ला’. तरी फलाटाला उलटी झाली असं आजवर कुणाला वाटलेलं नाही. कारण आपण ‘लागली’कडे पाहतच नाही, तिच्या शेजाऱ्यांकडे पाहतो. कुणाला लागली? काय लागलं? तेवढ्यावर अर्थ आपोआप लागतो. (पाहा, हाही ‘लागणे’च.)

मराठी शिकणाऱ्या परक्या माणसाला विचारा, ‘लागणे’नं त्याचा कसा छळ होतो. आपण त्याला काय सांगू? "बाबा रे, ‘लागणे’चा अर्थ विचारू नकोस, आख्खं वाक्य उचल." मग हेच ‘गेट’बद्दल आपण स्वतःला का सांगत नाही?

खरं कारण: मला आणि आय

आता मुळाशी जाऊ. मराठीत पुष्कळ गोष्टी माणसाकडे चालत येतात. मला पत्र मिळालं. मला ताप आला. मला राग आला. मला कंटाळा आला. मला उशीर झाला. मला कळलं. मला बघायला मिळालं. मी नुसता ‘मला’ होऊन उभा आहे, आणि ताप, राग, पत्र, उशीर हे सगळे पाहुण्यांसारखे येताहेत.

इंग्रजी वाक्यात मात्र कुणीतरी कर्त्याच्या खुर्चीवर बसावंच लागतं, आणि बहुतेक वेळा ती खुर्ची माणसाला मिळते. तिथं ‘मला’चा ‘आय’ होतो, आणि येणे, होणे, मिळणे, कळणे या आपल्या चारपाच क्रियापदांच्या जागी एकटं ‘गेट’ उभं राहतं. आय गॉट अ लेटर. आय गॉट अ फीव्हर. आय गॉट अँग्री. आय गॉट बोअर्ड. आय गॉट लेट असं मात्र कुणी फारसं म्हणत नाही, तिथं ‘आय वॉज लेट’ किंवा ‘आय गॉट डिलेड’. पण ‘इट्स गेटिंग लेट’ धडधडीत चालतं: उशीर होतोय, निघूया.

शब्दाचा उगम पाहिला तर हे आणखी पटतं. ‘गेट’ इंग्रजांचं घरचं नाही. उत्तरेकडून आलेल्या व्हायकिंग लोकांनी नवव्या शतकापासून इंग्लंडच्या पूर्व आणि उत्तर भागात वस्ती केली, त्यांच्या नॉर्स भाषेतलं ‘गेटा’ इंग्रजीत रुजलं. जुन्या इंग्रजीत त्याचं एक सख्खं भावंड होतं, पण ते एकटं कधी फिरायचं नाही, दुसऱ्या शब्दाला चिकटूनच. त्याची खूण आजही ‘फरगेट’मध्ये आहे: हातातली पकड सुटणं म्हणजे विसरणं. मूळ अर्थ ‘हाताशी येणं, पकडणं’ असा. लॅटिनमधून आलेलं ‘कॉम्प्रिहेन्शन’ही त्याच प्राचीन मुळापर्यंत जातं, जे आपण शाळेत उतारा वाचून प्रश्न सोडवायला वापरलं. म्हणून ‘आय गेट इट’ म्हणजे ‘कळलं’ यात काही विचित्र नाही. आपणही ‘ग्रहणशक्ती’ म्हणतो, आणि ग्रहण म्हणजे धरणंच.

तपासणी: ‘गेट’च्या पुढं काय आहे?

इथून पुढं हातात एकच चाचणी ठेवा. ‘गेट’ ऐकलं की त्यावर थांबायचं नाही. त्याच्या लगेच पुढं काय आलं ते ऐकायचं.

पुढं नुसती वस्तू आली तर मिळणे, घेणे किंवा आणणे. यात फारसं काही बिघडत नाही, सगळ्यांना जमतं. वस्तूच्या आधी माणूस आला, ‘गेट मी अ चेअर’, तर आणून देणे. आणि वस्तूच्या जागी ‘इट’, ‘दॅट’, ‘द जोक’, ‘द पॉइंट’ असं काही आलं तर नव्वद टक्के ‘कळणे’. माझा पंप इथं बुडाला.

पुढं गुण सांगणारा शब्द आला तर ‘होणे’. गेट टायर्ड, गेट ओल्ड, गेट वेल, गेट रेडी. मराठीत इथं गंमत आहे. आपण प्रत्येक गोष्टीला वेगळं क्रियापद देतो: अंधार पडतो, थंडी वाजते, भूक लागते, झोप येते, दिवस मोठा होतो. इंग्रजी या सगळ्याला एकाच सुतळीनं बांधतं. इट्स गेटिंग डार्क, आयम गेटिंग कोल्ड, हंग्री, स्लीपी, द डेज आर गेटिंग लाँगर. ‘गेट’ अवघड आहे म्हणणाऱ्यांनी इथं जरा थांबून हिशेब करावा की जास्त ओझं कुणाच्या डोक्यावर आहे.

पुढं जागा आली तर ‘पोहोचणे’. व्हॉट टाइम डिड यू गेट होम? इथं एक खिळा लक्षात ठेवा, ‘होम’, ‘हिअर’, ‘देअर’ यांच्या आधी ‘टू’ नको. गेट टू ऑफिस नाही, गेट टू द ऑफिस किंवा गेट टू वर्क, आणि घर असेल तर सरळ गेट होम.

वाहनात चढण्या-उतरण्याचा घोळ याच खात्यातला. बस, ट्रेन, विमान: गेट ऑन, गेट ऑफ. कार, रिक्षा, टॅक्सी: गेट इन, गेट आउट. माझा नियम असा: आत उभं राहून दोन पावलं चालता येत असेल तर ‘ऑन’. वाकून शिरून लगेच बसावं लागत असेल तर ‘इन’. सायकल आणि घोडा यांवर टांग टाकून वरच बसतो, म्हणून तेही ‘ऑन’. वर्गातल्या नर्स ताईंनी लगेच विचारलं, "आणि काळी-पिवळी? आत दहा माणसं, पण वाकूनच." ताई, तिथं चढताना ‘इन’, आणि मागं लटकत असाल तर ‘ऑन’.

पुढं सरळ क्रियापदाचं तिसरं रूप आलं तर काहीतरी आपल्यावर ओढवलंय. ही गॉट फायर्ड. शी गॉट हर्ट. आय गॉट स्टक ॲट कसारा, म्हणजे घाटात अडकलो. ‘वॉज’ वापरूनही हे होतं, पण ‘गॉट’मध्ये घडलेल्या गोष्टीचा धक्का असतो, बऱ्याचदा ‘बरं झालं’ किंवा ‘अरेरे’ असा सूर. मराठीत हा सूर ‘गेला’नं येत नाही. ‘तो मारला गेला’ म्हटलं तर माणूसच गेला. आपण म्हणतो मार खाल्ला, बोलणी खाल्ली, ओरडा बसला, दंड बसला. ही गॉट बीटन, ही गॉट स्कोल्डेड, ही गॉट फाइन्ड. म्हणजे इंग्रज जिथं ‘गेट’ करतो तिथं मराठी माणूस खातो. मला ही जोडी फार आवडते. आणि ‘माझं लग्न झालं’ यासाठी ‘माय मॅरेज हॅपन्ड’ म्हणू नका, ऐकणाऱ्याला वाटतं अपघात झाला. आय गॉट मॅरिड. नवऱ्याचं किंवा बायकोचं नाव घ्यायचं तर पुढं ‘टू’, ‘विथ’ नाही.

फसवा बिघाड: केस कुणी कापले?

आता तो तिसरा प्रकार. सोमवारी एक जण व्यवस्थित केस कापून वर्गात आला. मी म्हणालो, "नाइस हेअरकट." तो म्हणाला, "थँक यू सर, यस्टरडे आय कट माय हेअर." पुढच्या पाच मिनिटांत आणखी तिघांनी आपापली वाक्यं सांगितली. आय चेक्ड माय ब्लड. आय रिपेअर्ड माय बाइक. आणि एका काकांचं, "आय रिमूव्ड माय टूथ." काका, कशानं? पकडीनं?

मराठीत हे सगळं चालतं. ‘मी काल केस कापले’ म्हटलं की सलूनची खुर्ची, पांढरं कापड आणि मानेवरचं वस्तऱ्याचं पातं हे सगळं ऐकणाऱ्यानं गृहीत धरलेलं असतं. ‘रक्त तपासलं’ म्हणणाऱ्याच्या घरी सूक्ष्मदर्शक आहे असं कुणी समजत नाही. इंग्रजी मात्र ‘आय कट माय हेअर’ शब्दशः घेतं. ऐकणारा तुमच्या डोक्याकडे बघतो आणि मनात म्हणतो, स्वतः कापूनही बरे जमलेत की.

इथं ‘गेट’ (किंवा त्याच जागी ‘हॅव’) हवंच. आधी ‘गॉट’, मग वस्तू, मग तिसरं रूप. आय गॉट माय हेअर कट. आय गॉट माय ब्लड टेस्टेड. आय गॉट माय बाइक रिपेअर्ड. काका, तुमचं: आय गॉट माय टूथ पुल्ड आउट. मराठीत याला नेमकं रूप आहे, ‘करून घेतलं’. गाडी दुरुस्त करून घेतली, दात काढून घेतला. बोलताना आपण आळसानं ते गाळतो, एवढंच. म्हणून इंग्रजी वाक्य जुळवण्याआधी मराठी वाक्याला ‘घेतलं’ जोडून पाहा. ‘मी केस कापून घेतले’ असं म्हणता येत असेल, तर इंग्रजीत ‘गॉट’ लागणार. स्वतःच्या हातानं केलं असेल तरच सरळ क्रियापद. आजवर ही चाचणी मला चुकलेली आढळली नाही.

वस्तूच्या मागं काय येतं त्यावर अर्थ बदलतो, तेवढं बघा. ‘आय गॉट अ न्यू बाइक’ म्हणजे नवी घेतली. ‘आय गॉट द बाइक रिपेअर्ड’ म्हणजे मेकॅनिकला पैसे दिले. ‘आय गॉट द बाइक स्टार्टेड’ म्हणजे स्वतःच दहा किका मारून एकदाची चालू केली; खटपटीनं जमवलेलं असेल तर स्वतःच्या कामालाही ‘गॉट’ चालतं.

याच खात्यात माणसाकडून काम करून घेणं येतं. आई गॉट मी टू ईट कारलं, असं एकीनं वर्गात म्हटलं आणि ते शंभर टक्के बरोबर होतं. गेट, मग माणूस, मग ‘टू’, मग क्रियापद: करायला लावणे. (‘लावणे’ हे ‘लागणे’चंच थोरलं भावंड, हे सांगायला नको.) ‘मेक’नंही हेच म्हणता येतं, पण दोन फरक आहेत. ‘मेक’च्या पुढं ‘टू’ येत नाही, आणि ‘मेक’मध्ये जबरदस्ती आहे. आई मेड मी ईट म्हणजे नाक दाबून तोंड उघडलं. गॉट मी टू ईट म्हणजे गोड बोलून, गूळ घालून, ‘फक्त एक घास’ करत करत. मराठी ‘खायला लावलं’मध्ये दोन्ही मावतं, त्यामुळे आपल्याला निवड करायची सवय नसते. ऑफिसातही हा फरक नडतो. ‘आय मेड द मॅनेजर साइन’ म्हटलंत तर ऐकणाऱ्याला वाटेल तुम्ही मॅनेजरला कोंडलं होतं.

मराठीत तर यासाठी क्रियापदाच्या पोटातच सोय आहे. झोपणे-झोपवणे, बसणे-बसवणे, हसणे-हसवणे. इंग्रजीकडे हे ‘व’ नाही, म्हणून बाळ झोपवायला ‘गेट द बेबी टू स्लीप’ असा पाच शब्दांचा पाळणा हलवावा लागतो. आणि एक जोडी इतकी चपखल आहे की मी ती प्रत्येक बॅचला मिठाईसारखी वाटतो: ‘आय गॉट हिम टॉकिंग’. मी त्याला बोलतं केलं.

शेपूट लागलेलं ‘गेट’

अप, ओव्हर, बाय, अलाँग, थ्रू, अवे. इथं लोक पुन्हा यादीकडे धावतात. माझं म्हणणं, इंग्रजी अर्थ इंग्रजीत पाठ करू नका, त्या जागी मराठी माणूस काय म्हणतो ते शोधा. एकदा सापडलं की सुटत नाही.

गेट अलाँग म्हणजे पटणे. सासू-सुनेचं पटतं, दे गेट अलाँग. गेट बाय म्हणजे भागणे, एवढ्या पगारात कसंबसं भागतं. गेट ओव्हर म्हणजे सावरणे किंवा दुखण्यातून उठणे. गेट थ्रू, फोनबद्दल असेल तर, लागणे. ‘आय कुडन्ट गेट थ्रू’, फोन लागला नाही. गेट अवे विथ म्हणजे पचवणे. त्यानं एवढे पैसे खाल्ले आणि पचवलेही, ही गॉट अवे विथ इट. शब्दकोशात ‘शिक्षा न होता निसटणे’ असं काहीतरी असतं, पण ‘पचवणे’ म्हटलं की वर्गात एकदम हशा पिकतो आणि पुन्हा कुणी विचारत नाही. गेट अराउंड टू म्हणजे मुहूर्त लागणे. ‘आय हॅवन्ट गॉटन अराउंड टू इट’, त्याला अजून मुहूर्त लागला नाही. किती जागी ‘गेट’च्या ठिकाणी ‘लागणे’ येऊन बसतंय ते मोजा हवं तर.

‘गॉटन’वरून दर वर्षी वाद होतो. एखाद्याची बहीण न्यू जर्सीला असते आणि ती म्हणते ‘गॉटन’, दुसऱ्याचा काका लंडनला आणि तो म्हणतो हे चूक. चूक कुणाचीच नाही. काही शतकांपूर्वीच्या इंग्रजीत ते होतंच, ब्रिटनमध्ये मागं पडलं, अमेरिकेत टिकलं. ब्रिटनमध्येही ‘फरगॉटन’ म्हणतातच. उलट अमेरिकन माणसाला त्याचा एक फायदा होतो. ‘आयव्ह गॉट अ कार’ म्हणजे माझ्याकडे गाडी आहे, ‘आयव्ह गॉटन अ कार’ म्हणजे मी गाडी घेतलीय. आणि हे ‘हॅव गॉट’ ब्रिटनमध्येही ‘आहे’च बरं का. ‘आयव्ह गॉट टू सिस्टर्स’ ऐकून ‘कुठं मिळाल्या?’ विचारू नका.

सगळं समजूनही ऐकू येत नसेल तर

मग दोष डोक्यात नाही, कानात आहे. अमेरिकन बोलीत दोन स्वरांमधला ‘ट’ जवळजवळ ‘ड’ होतो. गेट इट हे ‘गेडिट’ ऐकू येतं, गेट अप ‘गेडप’, गॉट इट ‘गॉडिट’. वहीत मराठीत तसंच लिहा, ‘गेडिट’, आणि चारदा मोठ्यानं म्हणा. एकदा तोंडाला सवय झाली की कान आपोआप धरतो. ‘गेट आउट!’ हे ‘गेडाउट’ होऊन आलं आणि म्हणणारा हसत असेल, तर उठून जाऊ नका. तो म्हणतोय, "काहीतरीच काय!"

जे मला अजून सोडवता आलेलं नाही

एक वाक्य आहे: ‘आय गॉट टू गो’. पूर्ण रूपात ‘आयव्ह गॉट टू गो’, म्हणजे मला जावं लागेल. बोलताना ‘व्ह’ गळतो आणि ‘गॉटा’ होतो. पण ‘आय गॉट टू गो’चा दुसरा अर्थ ‘मला जायला मिळालं’ असाही आहे. पहिल्यात सक्ती, दुसऱ्यात भाग्य. म्हणजे मराठीत ज्या दोन वाक्यांमध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे, ती इंग्रजीत घाईनं बोलली की एकमेकांच्या अंगावर पडतात. ‘गॉटा’ असं एका दमात आलं तर ‘जावं लागेल’, ‘गॉट’वर जरा थांबून ‘टू’ वेगळा आला तर ‘जायला मिळालं’, असं मी शिकवतो. बहुतेक वेळा चालतं. नाही चाललं तर विचारून घ्यावं.

आणि ‘गेट डाउन’. बसमधून उतरताना आपल्याकडे सगळे ‘गेट डाउन’ म्हणतात, कंडक्टरपासून प्राध्यापकापर्यंत. इंग्रज ‘गेट ऑफ’ म्हणेल. परदेशी जाणाऱ्यांना मी ते बदलायला लावतो. बाकीच्यांचं ऐकून सोडून देतो. परवा सीबीएसला बसमधून उतरताना माझ्या मागच्या माणसाला मी स्वतःच म्हणालो, "आर यू गेटिंग डाउन?" तो म्हणाला, "हो, तुम्ही व्हा पुढं."